उत्तर: सात वर्षांनी पुन्हा ट्रकवर

दादा, सात वर्षांनी परत गाडीवर बसताय, पहिली खेप नाशिक-भिवंडी, कसारा घाट जमेल का असं विचारलंत. जमेल. मीही नऊ वर्षं दुकान सांभाळून परत आलो. पहिल्या दिवशी यार्डात रिव्हर्स घेताना अंदाज चुकला, क्लीनर पोरानं फाळक्यावर थाप मारली म्हणून भिंत वाचली. हात आठवड्यात बसतो, पण घाई करू नका.

तुम्ही गाडी सोडलीत तेव्हा बीएस-६, म्हणजे धुराच्या नव्या कडक नियमांची गाडी, नव्हती. आता डिझेलसोबत धूर स्वच्छ करणाऱ्या युरियाच्या पाण्याची टाकीही बघायची. ती रिकामी झाली की इंजिन ओढत नाही, आणि भरल्या गाडीला चढावर तेच नडतं.

घाट उतरताना डिझेल वाचवायला न्यूट्रल अजिबात करू नका. वरूनच खालचा गिअर टाका, एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून गाडी धीमी करणारा) वापरा. ब्रेकचे लायनर तापले की पेडल दाबूनही गाडी थांबत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आणि लायसन्स आजच बघा. ट्रान्सपोर्टची मुदत संपून वर्ष उलटलं असेल तर पुन्हा टेस्ट द्यावी लागते. मालकाला पहिल्या दोन खेपांना जुना ड्रायव्हर सोबत मागा, त्यात कमीपणा नाही. पोचलात की इथे कळवा, वाट बघतोय.