मदत हवी आहे : दर आठवड्याला नवी आवृत्ती येणारे लुआउ प्रकाशित गेममध्ये कसे अद्ययावत ठेवावे?

नमस्कार,

आम्ही सी प्लस प्लसमध्ये लिहिलेल्या आमच्या गेम एंजिनमध्ये लुआउ ही स्क्रिप्टिंग भाषा बसवली आहे. शत्रूंचे वर्तन, संवाद आणि प्रत्येक लेव्हलचे नियम तिच्यात लिहिलेले आहेत, शिवाय खेळाडूंचे मॉडही (त्यांनी स्वतः लिहून गेममध्ये घातलेली भरही) तिच्यातच चालतात. तिचा पाया असलेली लुआ 5.1 ही 2006 सालची आवृत्ती एकदा बसवली की वर्षानुवर्षे तिला हात लावावा लागत नाही. याउलट रोब्लॉक्स या गेम कंपनीने नोव्हेंबर 2021 मध्ये मुक्त स्रोत केलेल्या लुआउची नवी आवृत्ती जवळजवळ दर आठवड्याला येते आणि दुरुस्त्या पुढच्या आवृत्तीतच मिळतात. भाषेसाठी हा वेग चांगलाच आहे, परंतु खेळाडूंच्या हाती गेलेल्या गेमने तो कसा पेलावा, हा माझा प्रश्न आहे.

सर्वांत मोठी अडचण फ्लॅगची, म्हणजे एखादा बदल चालू किंवा बंद ठेवणाऱ्या कळींची आहे. नवे बदल सुरुवातीला फ्लॅगआड बंद असतात, मात्र लुआउसोबत मिळणारी कमांड लाइन साधने प्रायोगिक फ्लॅग वगळता बाकीचे स्वतःहून चालू करतात. त्यामुळे एंजिनमध्ये फ्लॅग बंद ठेवून स्क्रिप्टच्या चाचण्या त्या साधनांवर घेतल्या, तर आपण तपासतो एक आणि खेळाडूकडे चालते दुसरेच, अशी स्थिती होते. फ्लॅग कायम बंद ठेवणेही शक्य नाही, कारण बदल स्थिरावला की फ्लॅग आणि त्यामागचा जुना कोड दोन्ही काढून टाकले जातात.

बाइटकोडचा, म्हणजे स्क्रिप्ट कंपाइल केल्यावर मिळणाऱ्या कोडचा प्रश्न त्या मानाने सोपा वाटतो. लोड करताना बाइटकोडची सुरक्षितता तपासली जात नसल्याने मॉड आम्ही केवळ मूळ स्क्रिप्टच्या रूपातच स्वीकारतो, आणि आमच्या स्क्रिप्ट प्रत्येक बिल्डच्या वेळी एंजिनमधील लुआउच्याच कमिटच्या (कोडच्या नोंदवलेल्या विशिष्ट स्थितीच्या) कंपायलरने नव्याने कंपाइल होतात.

आवृत्त्यांच्या वेगासाठी एक मार्ग असा की लुआउचे कमिट गोठवून ठेवावे आणि गेमच्या मोठ्या अपडेटच्या वेळीच पुढे जावे. पण मग अनेक महिन्यांचे बदल एकदम अंगावर येतात आणि एखादा मॉड नेमका कोणत्या बदलाने मोडला, हे शोधणे कष्टाचे होते. दुसरा मार्ग म्हणजे वेगळ्या शाखेवर दर आठवड्याची आवृत्ती घेऊन, रेकॉर्ड केलेले खेळ तिच्यावर पुन्हा चालवून निकाल ताडून पाहणे, आणि खेळाडूंकडे मात्र निवडक आवृत्त्याच पाठवणे. माझा कल दुसऱ्याकडे आहे.

ज्यांनी स्वतःच्या एंजिनमध्ये लुआउ चालवले आहे, त्यांनी कृपया सांगावे : प्रकाशित बिल्डमध्ये आपण फ्लॅग चालू ठेवता की बंद, आणि चालू फ्लॅगची यादी कोण, कधी बदलते? टाइप तपासणी (स्क्रिप्ट न चालवता मूल्यांच्या प्रकारांतील चुका शोधणे) केवळ विकासाच्या वेळी लागते, तेव्हा तिच्यासाठी ताजी आवृत्ती आणि स्क्रिप्ट प्रत्यक्ष चालवणाऱ्या व्हर्च्युअल मशीनसाठी गोठवलेली आवृत्ती, अशी विभागणी कोणी प्रत्यक्ष टिकवली आहे का? मॉड लिहिणाऱ्यांना नव्या आवृत्तीची पूर्वसूचना किती आधी देता, हेही कळल्यास फार उपयोग होईल.