पीडीएफ टाकली म्हणजे झालं नाही
'नोट्स ऑनलाइन टाकल्या की सगळ्यांना मिळतातच,' असं एकांनी लिहिलंय. मिळतात हो, पण वाचता येतात का? पुण्यातल्या आमच्या कम्युनिटी कॉलेजात एका अंध विद्यार्थ्याने आपला हेडफोन माझ्या कानाला लावला आणि मी गारच पडलो. नोट्स माझ्याच, मराठीतल्या, आणि स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) नुसती इंग्रजी अक्षरं बडबडत होता! फाइल जुन्या शिवाजी फाँटातली. त्यात दिसायला देवनागरी, पण आत साठवलेली असतात रोमन अक्षरं नि चिन्हं. युनिकोडमध्ये, म्हणजे देवनागरी अक्षरं देवनागरी म्हणूनच साठवणाऱ्या पद्धतीत, बदलून दिल्यावर एनव्हीडीए या स्क्रीन रीडरने तीच फाइल घडाघडा वाचली. (एनव्हीडीए फुकट आहे, बजेटचं कारण सांगू नका.)

स्कॅन केलेल्या पानांचं तर विचारूच नका, ती निव्वळ चित्रं. ओसीआर करा, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करून घ्या, पण जोडाक्षरं एकदा नजरेखालून घालाच. वर्डमध्ये शीर्षक नुसतं ठळक न करता हेडिंग स्टाइल लावा, म्हणजे धड्यात थेट हव्या त्या भागावर जाता येतं.

२०१६चा दिव्यांग हक्क कायदा आहेच. आमच्याकडे मात्र परिपत्रकापेक्षा त्या हेडफोननेच जास्त काम केलं. आता ऑफिसातल्या टायपिस्टकाकांना युनिकोड कीबोर्डची सवय लावायचीय. ते खरं अवघड.