वाळवंट परत हिरवं होतं का खरंच?

सिन्नरकर: सहारा म्हणे एकेकाळी हिरवा होता, खरंय का? आमच्या सिन्नर-येवल्याकडचे उघडे माळ बघून विचारतोय, झाडं लावून काही होतं का

गोदाकाठ: खरंय. साधारण ११,००० ते ५,००० वर्षांपूर्वी तिथं तळी, गवत, पाणघोडे सगळं होतं, पृथ्वीचा आस डुलतो ना त्यामुळे मान्सून उत्तरेकडे सरकलेला, कुणी झाडं लावली म्हणून नाही झालं ते भाऊ

येवल्याची ताई: पण आफ्रिकेतल्या नायजर देशाचं बघा ना, शेतकऱ्यांनी जमिनीत जिवंत राहिलेल्या जुन्या खोडांचे फुटवे राखले फक्त, १९८० च्या दशकापासून, आणि सुमारे ५० लाख हेक्टरवर झाडं आली. खड्डे खणून फोटो काढण्यापेक्षा हे बरं

सिन्नरकर: म्हणजे आधी मोकाट चराई बंद, अवघडे 😅

गोदाकाठ: आणि समतल चर (उताराला आडवे, एका पातळीत खणलेले) पण खणा, पाणी मुरायला पाहिजे