एकाच घरात वर-खाली राहतो, केवायसीत मी ‘विवाहित’ की ‘परित्यक्ता’?

तळमजला_सिडको:
नमस्कार. सिडकोतलं घर, सासऱ्यांनी घेतलेलं, नंतर वर एक खोली चढवलेली. चार वर्षं झाली, मिस्टर वर आणि मी व मुलगी खाली. बोलणं नाही. माझा गॅस वेगळा, त्यांचा डबा बाहेरून येतो. लाइट बिल मात्र एकच येतं. ते मी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर ठेवते, मिस्टर निम्मे पैसे तिथेच ठेवतात. कोर्टात कोणी गेलेलं नाही. अंबडच्या कामगारांना पोळ्या करून देते, त्यात महिन्याला सात-आठ हजार सुटतात.

लाडकी बहीणचे १,५०० पहिल्या हप्त्यापासून येत होते. आता केवायसीला नवऱ्याचा आधार लागतो आणि ओटीपी जातो वरच्या फोनवर. मुलगी जिन्यातून ओरडून आकडे सांगते, तोवर मुदत संपलेली असते. दुसरं म्हणजे गेल्या दिवाळीत त्यांनी जुनी गाडी घेतली, त्र्यंबकची भाडी मारायला. सिंहस्थ येतोय ना! मी त्या गाडीत एकदाही बसलेले नाही, पण कुटुंबात चारचाकी म्हणजे अपात्र. केंद्रावरचा मुलगा म्हणतो, “ताई, परित्यक्ता टाका, विषय संपला.” टाकू का? केशरी रेशनकार्डावर आम्ही तिघंही आहोत.

पंचवटीकर:
अजिबात टाकू नका. या योजनेत कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अविवाहित मुलं. चूल एक की दोन याच्याशी त्यांना घेणं नाही, लग्न कायम आहे ना, मग संपलं. म्हणून रेशनकार्ड वेगळं काढलंत तरी इथे फरक पडणार नाही. चारचाकीत सूट फक्त ट्रॅक्टरला. आणि परित्यक्ता म्हणजे नवऱ्याने टाकलेली. तुमचा नवरा तर डोक्यावरच राहतो! चौकशीला कोणी आलं तर आधी जिनाच दिसेल. २०२५च्या पडताळणीत सरकारी नोकरीतल्या बायका सापडल्याच की.

सिन्नरची_माहेरवाशीण:
संजय गांधी निराधार बघितलं का? त्यात घटस्फोटाची केस चालू असलेल्या बायकाही बसतात, पोटगी मिळत नसेल तर.

तळमजला_सिडको:
बघितलं. कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला २१,००० च्या आत हवं. माझ्या पोळ्याच तीन महिन्यांत तेवढ्या होतात.

काळाकोट_नाशिक:
ताई, हिंदू विवाह कायद्याने लग्न झालं असेल तर कलम १३ब खाली दोघांच्या संमतीने घटस्फोट मागता येतो. त्याआधी किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली सुरेष्टा देवी खटल्यात सांगितलंय की एका छपराखाली राहूनही दोघं वेगळे असू शकतात, नवरा-बायको म्हणून नांदत नसले म्हणजे झालं. तेव्हा तुमचा जिना आड येत नाही. हुकूमनामा हातात आला की तुम्ही घटस्फोटित, मग गाडी त्यांची त्यांना लखलाभ.

एक मात्र सांभाळा. आज भरात येऊन कुठल्याही कागदावर “आम्ही आपसांत ठरवून वेगळे राहतो” असं लिहून देऊ नका. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं १२५) अशा बायकोला पोटगी नाही. मुलीचा हक्क त्याने जात नाही, पण तुमचा जाईल. वकिलाच्या फीची काळजी नको. सीबीएस बसस्थानकाजवळ जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे, बाईमाणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

पंचवटीकर:
हे पोटगीचं मलाही माहीत नव्हतं.

तळमजला_सिडको:
कमाल आहे. कोर्टाच्या लेखी आम्ही चार वर्षं वेगळे आणि योजनेच्या लेखी मी गाडीवाली! आईला काय सांगू, १,५०० रुपयांसाठी घटस्फोट घेतेय? तसं नाहीये म्हणा. हे आज ना उद्या करायचंच होतं, मुलीची दहावी होऊ दे म्हणून थांबले होते.

परित्यक्ता टाकत नाही. हप्ता बंद झाला तर दहा डबे वाढवीन. सोमवारी सीबीएसला जाऊन येते. या महिन्याचं बिल आलंय, त्याच्याबरोबर पायरीवर चिठ्ठी ठेवते, सहीला तयार आहात का म्हणून.