प्रोव्हिजनिंगला ‘तरतूद’ म्हणावं का?

शब्दवेल्हाळ
क्लाउडला जोडायच्या उपकरणांची एक मराठी मार्गदर्शिका करतेय. वाचणारे दोन प्रकारचे: शीतगृहांत तापमानाचे सेन्सर बसवणारे तंत्रज्ञ, आणि ऑफिसात बसून कमांड मारणारी मुलं. उपकरणं अ‍ॅझ्युरच्या, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडच्या, डिव्हाइस प्रोव्हिजनिंग सर्व्हिसमधून (डीपीएसमधून) आयओटी हबला, म्हणजे उपकरणांशी बोलणाऱ्या क्लाउडमधल्या केंद्राला, जोडली जातात. प्रोव्हिजनिंगला कोशात ‘तरतूद’ मिळतं, ते पटत नाही. एन्रोलमेंट आणि रजिस्ट्रेशन या दोन्हींना सध्या ‘नोंदणी’ लिहिलंय. काही बरं सुचतंय का?

आवकजावक
तरतूद एकतर अर्थसंकल्पात असते नाहीतर कायद्याच्या कलमात. ‘उपकरणाची तरतूद करा’ असं वाचून तुमचा तंत्रज्ञ खरेदीचा प्रस्ताव पाठवेल. ‘बेगमी’ गोड आहे, पण ती पावसाळ्याची. तिथे नक्की घडतं काय ते आधी सांगा, शब्द मग शोधू.

टर्मिनलकर
सांगतो. कारखान्यातून निघताना उपकरणाला आपला हब कुठला हे माहीत नसतं. त्याच्यात डीपीएसचा पत्ता असतो (सगळ्या जगाला एकच), आपला आयडी स्कोप (आपलं डीपीएस कुठलं ते सांगणारी खूण) असतो आणि ओळख पटवायचं साधन असतं: एक्स.५०९ सर्टिफिकेट (डिजिटल ओळखपत्र), टीपीएम चिप (गुप्त किल्ली सांभाळणारी) किंवा सिमेट्रिक की (दोन्हीकडे एकच असलेली गुप्त किल्ली). इकडे ऑफिसात आपण ‘एझेड आयओटी डीपीएस एन्रोलमेंट क्रिएट’ मारून ठेवलेलं असतं. उपकरणाला वीज आणि नेट मिळालं की ते डीपीएसचं दार वाजवतं. ओळख पटली की डीपीएस त्याचा हब ठरवतं, त्या हबच्या यादीत त्याचं नाव चढवतं आणि हबचा पत्ता त्याला कळवतं. पुढे डीपीएस मधे येत नाही, उपकरण थेट हबशी बोलतं.

म्हणजे एन्रोलमेंट आपण करतो, रजिस्ट्रेशन उपकरण करतं. दोन्हींना ‘नोंदणी’ म्हटलंत तर ‘नोंदणी केली आहे पण नोंदणी झालेली नाही’ असं वाक्य लिहावं लागेल, आणि ते खरंही असेल! एन्रोलमेंट व्यवस्थित दिसतंय आणि उपकरण अजून खोक्यातच, हे रोजचं आहे.

आवकजावक
मग हे सरळसरळ रुजू होणं आहे की. नेमणुकीचा आदेश आधी निघतो, उमेदवार नंतर कागद घेऊन हजर होतो, पडताळणी होते, कुठल्या शाखेत बसायचं ते कळतं. शिवाय ‘रुजवात’ म्हणजे जुन्या हिशेबात ताडून पाहणं. ओळख तपासण्याची छटाही त्याच घराण्यात सापडते.

फील्डवाली
काका, साइटवर कोणी ‘रुजू’ म्हणत नाही हो. ‘डिव्हाइस ऑनलाइन आलं का?’ एवढंच विचारतात. शिडीवर उभं राहून हिशेबाची रुजवात कोण आठवणार?

टर्मिनलकर
पण ‘ऑनलाइन आलं’ हे हबशी जोडल्यावरचं. डीपीएसने हब दिला आणि हबची जोडणीच अडली, असंही होतं. तिथे दोन अवस्था वेगळ्या सांगता यायलाच हव्यात. माझं मत: शीर्षकात ‘प्रोव्हिजनिंग’ तसंच ठेवा, सगळे तेच बोलतात. एन्रोलमेंटला ‘पूर्वनोंद’, आणि उपकरण जे करतं त्याला ‘रुजू होणे’. ‘एझेड आयओटी डिव्हाइस रजिस्ट्रेशन क्रिएट’ ही कमांड तर उपकरणाचं सोंग घेऊन रुजू होऊन बघते. चाचणीसाठी झकास आहे, पण दोन्हीकडे ‘नोंदणी तयार करा’ लिहिलं तर कोण कोणाचं काम करतंय ते वाचणाऱ्याला कळायचं नाही.

शब्दवेल्हाळ
‘पूर्वनोंद’ घेतला. गटाचं एन्रोलमेंट असतं त्याला ‘गट-पूर्वनोंद’. आणि उपकरण डीपीएसला आपली ओळख पटवतं त्या अटेस्टेशनला ‘साक्षांकन’ चालेल?

आवकजावक
साक्षांकनात तिसरा माणूस सही-शिक्का मारतो. इथे तसं आहे का?

टर्मिनलकर
गटाच्या सर्टिफिकेटमध्ये आहे, वरच्या सर्टिफिकेटची सही खालच्यावर असते. एकेकट्या पूर्वनोंदीत मात्र उपकरणाचं स्वतःच सही केलेलं सर्टिफिकेटही चालतं. सिमेट्रिक कीमध्ये तर सर्टिफिकेटच नाही. म्हणून ‘ओळख पटवणे’ लिहा, तिन्हींना लागू पडतं.

गटाच्या कीबद्दल मात्र ठळक अक्षरात लिहा. ती उपकरणात टाकायची नसते. प्रत्येक उपकरणाच्या रजिस्ट्रेशन आयडीवरून (रुजू होताना ते सांगतं त्या नावावरून) तिच्यापासून वेगळी की काढायची आणि फक्त तीच उपकरणात भरायची. त्यासाठी ‘कम्प्यूट-डिव्हाइस-की’ कमांड आहे. ‘गटाची की वापरा’ एवढंच वाक्य राहिलं तर कोणीतरी ती शंभर सेन्सरांत भरेल, आणि एक सेन्सर चोरीला गेला की सगळा गट उघडा.

फील्डवाली
अ‍ॅलोकेशन पॉलिसीत, म्हणजे कुठल्या उपकरणाला कुठला हब द्यायचा त्या नियमात, जिओलेटन्सी या पर्यायाला मसुद्यात ‘सर्वांत जवळचा हब’ लिहिलंय, तेही बदला. किलोमीटर मोजत नाहीत तिथे. ‘सर्वांत कमी विलंबाचा हब’ म्हणा.

शब्दवेल्हाळ
बदलते. शेवटचं, उपकरण काढून टाकण्याला?

आवकजावक
‘कार्यमुक्त करणे’. रुजू झालेला कार्यमुक्तच होतो.

टर्मिनलकर
जमलं, पण त्यात दोन कमांड आहेत हे लिहा. पूर्वनोंद काढली किंवा बंद केली तर ते उपकरण पुन्हा रुजू होऊ शकत नाही, पण हबच्या यादीतलं नाव तसंच राहतं आणि ते खुशाल हबशी बोलत राहतं. ‘एझेड आयओटी हब डिव्हाइस-आयडेंटिटी डिलीट’ वेगळी मारावी लागते. आणि गटातलं एकच उपकरण थांबवायचं असेल तर गटाला हात लावायचा नाही, त्या एकाची स्वतंत्र पूर्वनोंद करून ती बंद ठेवायची.

फील्डवाली
आणि जळालेला सेन्सर? तोही कार्यमुक्त?

आवकजावक
त्याचं निर्लेखन. डेडस्टॉक रजिस्टर काढा.