मदत हवी आहे: नेव्हरविंटर नाइट्सच्या कस्टम टाइलसेटचं दस्तऐवजीकरण

नमस्कार मंडळी,

नेव्हरविंटर नाइट्स या कॉम्प्युटर गेमसाठी आम्ही काही जणांनी मिळून केलेला दलदलीचा टाइलसेट (एकमेकांना जोडून जमीन बांधायचे चौकोनी तुकडे) आता बाहेर काढण्याजोगा झालाय. मॉडेलं, टेक्श्चर, मिनिमॅपची (गेममधल्या छोट्या नकाशाची) चित्रं, सगळं हॅक फाइलमध्ये, म्हणजे गेमला जोडायच्या जादा सामानाच्या फाइलमध्ये, बसलंय. दस्तऐवजीकरण तेवढं राहिलंय आणि ते माझ्याकडे आहे. गेम २००२ चा, २०१८ मध्ये त्याची एन्हान्स्ड एडिशन आली, आणि लोक अजूनही त्यावर नवी मॉड्यूल, म्हणजे स्वतःची साहसं, बांधतायत. पण जुने कितीतरी सुंदर टाइलसेट केवळ माहिती नाही म्हणून पडून राहतात. हॅक उतरवायची, टूलसेटमध्ये (गेमच्या नकाशे बांधायच्या प्रोग्रॅममध्ये) उघडायची आणि कुठला तुकडा कशाशेजारी बसतो ते चाचपडत बसायचं, एवढा वेळ कुणाकडे असतो? आमच्या सेटचं असं होऊ नये असं फार वाटतं.

ऑरोरा टूलसेट न वापरलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. एक टाइल १० बाय १० मीटरची, आणि एक एरिया, म्हणजे मॉड्यूलमधली एक जागा, जास्तीत जास्त ३२ बाय ३२ टाइलींचा. प्रत्येक टाइलच्या चारही कोपऱ्यांना भूप्रकार आणि उंची दिलेली असते. रस्ता, ओढा, भिंत वगैरे कडांवरून जातात. टूलसेट शेजारशेजारचे कोपरे जुळवतो आणि लागेल तशी टाइल फिरवून घेतो.

खरी मेख इथेच आहे. भूप्रकार दोन असले तर फिरवाफिरवी धरून कोपऱ्यांच्या ६ जुळण्या पुरतात. तीन झाले की २४ लागतात. आमच्याकडे चिखल, गवत, पाणी आणि भग्नावशेष असे चार आहेत, म्हणजे ७०. आणि यात उंची आणि रस्ते अजून धरलेलेच नाहीत. सगळ्या जुळण्या कुणीच बनवत नाही, आम्हीही नाही बनवल्या. त्यामुळे बांधणारा भग्नावशेषांना लागून थेट गवत टाकायला जातो आणि टूलसेट नकार देतो. कारण कुठेच लिहिलेलं नसतं, मग त्याला वाटतं सेटच बिघडलाय. ‘काय नाही’ हे वाचणाऱ्याला एका नजरेत कळेल असं कसं मांडावं? तक्ता करून पाहिला, पण ७० ओळींचा तक्ता कोण वाचणार?

एका टाइलची नोंद मी सध्या अशी लिहितेय:

टाइल २१४, पडक्या घाटाच्या पायऱ्या. वरचे दोन कोपरे भग्नावशेष, उंची १; खालचे दोन पाणी, उंची ०. चढ ५ मीटर. दार नाही. शेवटच्या दोन पायऱ्या पाण्याखाली: वॉकमेशमध्ये (कुठे चालता येतं ते ठरवणाऱ्या अदृश्य जाळीत) तिथे पृष्ठभाग ६ (पाणी), त्यापुढे ७ (चालता येत नाही). होडी ठेवायची तर शेजारच्या पाण्याच्या टाइलवर ठेवा, इथे ती पायऱ्यांत रुतते.

यात काही कमी आहे का? पाथनोडचं अक्षरही, म्हणजे टाइलवरून कुठल्या बाजूंना जाता येतं ते गेमला सांगणारं, द्यावं असं मला वाटतं. ते चुकलेलं असलं की पात्रं उघड्या वाटेवरही अडून राहतात, आणि दोष बिचाऱ्या स्क्रिप्टला लावला जातो. पण नवशिक्याला ते जड होईल का?

दोन गोष्टी मात्र पहिल्याच पानावर ठळक जाणार, त्यावर आमचं एकमत आहे. एरियाच्या फाइलीत टाइल कुठली ते फक्त तिच्या क्रमांकाने साठवलेलं असतं, सोबत दिशा, उंची, दिवे वगैरे. कुणी सेट फाइलीत (टाइलींची यादी असलेल्या फाइलीत) मधेच नवी टाइल घुसवली तर पुढचे सगळे क्रमांक सरकतात आणि आधी बांधलेल्या एरियांचा चुथडा होतो. म्हणून भर घालायची ती कायम शेवटी. दुसरं म्हणजे दारांच्या टूडीए फाइलीत (गेम वाचतो त्या तक्त्यात) आम्ही नव्या ओळी टाकल्या आहेत. दोन हॅकमध्ये एकाच नावाची टूडीए असेल तर मॉड्यूलच्या हॅकच्या यादीत वर असलेल्या हॅकचीच चालते. तेव्हा कुठल्या ओळी आमच्या ते नीट सांगितलं नाही, तर दुसरी हॅक जोडल्याबरोबर आमची दारं गायब.

आता चित्रांचं. सेट फाइल साधी मजकुराची असल्यामुळे तिच्यातून यादी काढणं सोपं गेलं. पण मिनिमॅपचं चित्र इतकं बारीक असतं की त्यात पायरी कुठली आणि दगड कुठला ते कळत नाही. प्रत्येक टाइलचं वरून, एकाच कोनातून, एकाच उजेडात काढलेलं चित्र हवंय, आणि त्याला जोडून वॉकमेशचं रंगीत चित्र. टाइली साडेतीनशेच्या वर आहेत, हाताने काढणं अशक्यच. ब्लेंडर या थ्रीडी प्रोग्रॅममध्ये नेव्हरब्लेंडर हे जोडसाधन वापरून मॉडेल एकेक करून आत घेणारी आणि चित्र काढून पुढे सरकणारी स्क्रिप्ट कुणी लिहिली आहे का? असल्यास कृपया इथे टाका. नसेल तर पायथन जाणणाऱ्या कुणी हात द्यावा. मॉडेलं कशी लावली आहेत ते मी समजावून सांगेन.

आणि ज्यांचं मॉड्यूल सुरू आहे अशा एखाद्याने कच्चा मसुदा वाचून, आम्हाला काहीही न विचारता, ८ बाय ८ चा एक एरिया बांधून पाहिला तर मोठीच मदत होईल. जिथे अडाल ते इथेच लिहा. मसुद्यात नेमकं तेच सुटलेलं असणार.