मदत हवी आहे: आयपॉडमधून हेडफोन अँपला लाइन आउट

नमस्कार मंडळी,

आयपॉड क्लासिकमध्ये किशोरीताई आणि भीमसेनजींच्या बऱ्याच मैफली साठवल्या आहेत. हेडफोन ३०० ओहमचे, थेट लावले तर आवाज अगदी दबका येतो, म्हणून हेडफोन अँप (अँप्लिफायर) घेतला.

सध्या प्लेअरच्या हेडफोन जॅकमधून ३.५ मिमीची वायर अँपच्या इनपुटला दिली आहे. म्हणजे सिग्नल दोनदा वाढतोय, आधी प्लेअरमध्ये आणि मग अँपमध्ये. प्लेअरचा व्हॉल्यूम पूर्ण ठेवला तर तार षड्जावर आवाज फाटतो, कमी ठेवून अँप वाढवला तर तानपुऱ्याखाली बारीक सूं ऐकू येतं. विलंबित ऐकताना ते फार खुपतं.

खालच्या ३० पिनच्या पोर्टमधून लाइन आउट (हेडफोनसाठी न वाढवलेला थेट सिग्नल) मिळतो आणि प्लेअरच्या व्हॉल्यूमचा त्यावर परिणाम होत नाही, हे माहीत आहे. तशी चांगली केबल पुण्यात कुठे मिळेल? की कोणाकडून सोल्डर करून घ्यावी?

आणखी एक. प्लेअर चार्जिंगला लावला की घरघर सुरू होते, चार्जर काढला की लगेच थांबते. ग्राउंड लूप (उपकरणं एकापेक्षा जास्त वाटांनी ग्राउंडला जोडली गेल्याने येणारी घरघर) असावा. आयसोलेटर (हा लूप तोडायला वायरीच्या मध्ये लावायचं उपकरण) लावल्यावर खर्जातलं वजन कमी होतं का? स्वतः वापरलेल्यांनी कृपया सांगा.